पंधरा दिवसांची मुदत

हुडकेश्वर, नागपूर
दि. ११ जानेवारी २०२५

चि. सौ. धनश्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे, उमरेडलाही तसंच असावं. पत्र पाहून तुला नवल वाटेल. हातात फोन असताना सासऱ्याने तिकीट लावून पत्र कशाला धाडावं, असं तुझा भाऊ जितेंद्र नक्की म्हणेल. पण फोनवर तू "बरं आहे, मामाजी" एवढंच म्हणतेस आणि फोन वैभवीच्या हातात देतेस, आणि वैभवी मला कॅमेऱ्यात फक्त आपलं नाक दाखवते. शिवाय मी पडलो शाळेतला कारकून. चौतीस वर्षं पोरांचे दाखले लिहिण्यात गेली. आईबाप हातापाया पडायचे, साहेब, जन्मतारीख एक वर्षाने मागे करा, पण मी कोणाची तारीख एका दिवसानेही हलवली नाही. कागदावरचं मला जमतं, तोंडाने बोलायचं म्हटलं की गाडं अडतं.

थंडी यंदा चांगली पडली आहे. कोपऱ्यावरचा रस्ता पुन्हा खोदून ठेवला आहे, कशासाठी ते खोदणाऱ्यालाही ठाऊक नाही. तुझ्या सासूची तब्येत आहे तशीच. उजवा हात अजून उचलत नाही, बोलणं एखाद्या तुटक्या शब्दापुढे सरकत नाही. डॉक्टर म्हणाले, लकव्याला वेळ लागतो, मालिश चालू ठेवा. मी करतो. तू आंघोळ घालायचीस तेव्हा आतून आवाज यायचा नाही. मी घालतो तेव्हा बादली लवंडते, साबण मोरीत जातो आणि शेवटी आम्हा दोघांचीही आंघोळ होते. शेजारच्या सुभद्राबाई परवा म्हणाल्या, "भाऊजी, सून असली म्हणजे घराले घरपण असते."

मनीषनगरच्या तुझ्या इंग्रजीच्या क्लासमधून फोन आला होता, उरलेला कोर्स पुरा करणार का म्हणून. सध्या बाहेरगावी आहे म्हणून सांगितलं. तुझा आणि वैभवीचा पासपोर्ट माझ्या कपाटात आहे, काळजी करू नकोस. लागतील तेव्हा येऊन घेऊन जा. त्या काही पोस्टाने पाठवायच्या वस्तू नाहीत.

संक्रांत तीन दिवसांवर आली. वैभवीचं बोरन्हाण आपल्या घरी व्हावं असं वाटतं. पाच वर्षांची झाली की ते करायचं वय गेलंच. बोरं, रेवड्या, मुरमुरे मी आणून ठेवीन. गल्लीतली लेकरं सुभद्राबाई गोळा करतील.

भूपेशचा दर रविवारी फोन असतो. न्यूझीलंडला सध्या उन्हाळा आहे. गॅरेजात ट्रकांचं काम जोरात आहे म्हणतो, त्यापुढे फार बोलत नाही. तुम्हा दोघींसाठी म्हणून त्याने दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, ते अजून सोडलेलं नाही. वैभवीसाठी आणलेल्या लहान पलंगावर त्याचे कामाचे कपडे पडलेले फोनमध्ये दिसतात. मी म्हटलं, घडी तरी करून ठेव.

आता मुद्द्याचं. व्हिसा नाकारला म्हणून कोणाचा संसार मोडत नाही. भूपेश तुला नको ते बोलला, हे मला मान्य आहे. मी त्याची बाजू घेत नाही. पण त्याच्या जागी राहून पाहा. कामगाराची बायको आणि लेकरू म्हणून तुमचा अर्ज गेला. त्या ऑफिसने कळवलं, घरच्यांकडे फोनवरून चौकशी केली, तेव्हा हे दोघे नवरा-बायको म्हणून एकत्र राहत होते असं दिसलं नाही. अर्जात घरचे म्हणून नावं दोनच, एक माझं आणि एक जितेंद्रचं. आणि जितेंद्र साखरपुड्याच्या पंगतीतच म्हणाला होता, माझी बहीण समुद्रापार धाडायची नाही. ते सगळ्यांनी ऐकलं आहे. तोंडाचा फटकळ आहे, मनाचा वाईट नाही. बोलून गेला असेल. मी त्याला केव्हाच माफ केलं आहे.

तूही भावापायी नवऱ्याशी किती दिवस अबोला धरशील? जितेंद्रला एकदा भूपेशची माफी मागायला लाव, विषय संपेल. मग आपल्या घरी ये. दिवाळीनंतर गेलीस ती गेलीसच. तुझी सासू दाराकडे पाहत असते.

वैभवीला गोड पापा.

तुझे,
मामाजी


हुडकेश्वर, नागपूर
दि. १६ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. सौ. धनश्रीस,

पत्रास कारण की, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, जितेंद्रला मी माफ केलं आहे. ते पत्र ठेवलं असशील तर त्या ओळीवर काट मार. शाळेच्या रजिस्टरात मी कधी खाडाखोड केली नाही, पण ही करायलाच हवी.

तुझं उत्तर आलं नाही. उत्तर म्हणून जितेंद्रच आला. तुला सांगून आला की नाही मला ठाऊक नाही, म्हणून लिहितो. सव्वीस जानेवारीला त्याने पिठाची चक्की बंद ठेवली, सकाळच्या एसटीने निघाला आणि दहाला आपल्या दारात. हातात ज्वारीच्या पिठाची थैली. मला वाटलं, भांडायला आला. मीही तयारीत होतो, आवाज कुठे चढवायचा हेसुद्धा मनात ठरवून ठेवलं होतं. तो आत आला, माझ्या पाया पडला आणि खुर्ची रिकामी असताना खाली बसला.

"काकाजी, मले त्या ऑफिसचा फोन आलाच नाही," तो म्हणाला. "आला असता तं बोललोही असतो काही आडवंतिडवं, माह्या तोंडाचा भरोसा नाही. पण आलाच नाही, तं मी कबूल कायले करू? भूपेशभाऊ आयकूनच नाही घेऊन राहिले. धनू दिवसभर मुकी बसून राहते. लेकरू इचारते, बाबा काहून फोन नाही करत. तुमी एक डाव त्यायले सांगा, काकाजी. तुमचा शब्द ते खाली नाही पडू देत."

मी म्हटलं, "पाहतो."

तेवढ्यात आतून तुझ्या सासूने आवाज केला. मी गुडघ्यावर हात ठेवून उठेपर्यंत जितेंद्र आत पोचला होता. त्याने तिला अलगद उचलून खुर्चीत बसवलं, गादी उन्हात नेऊन घातली, मोरीतला नळ गळत होता तो दुरुस्त केला. हे सगळं मला न विचारता, आपल्याच घरी असल्यासारखं. जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही. जाताना पुन्हा म्हणाला, "तेवढं सांगजा, काकाजी." मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत भल्या माणसासारखा हात हलवत उभा राहिलो.

आत आलो तर तुझी सासू खुर्चीतून माझ्याकडेच पाहत होती.

"सांग," ती म्हणाली.

लकवा झाल्यापासून इतका स्वच्छ शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. मी म्हटलं, "काय सांगू वं?"

"सांग."

तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो फोन जितेंद्रला आला नव्हता, मला आला होता. मी बोललो तेव्हा ती शेजारच्या पलंगावर जागी होती.

ऑगस्टमधला मंगळवार होता. तू मनीषनगरला क्लासला गेली होतीस, वैभवी अंगणवाडीत. अकराच्या सुमारास फोन वाजला. बाई हिंदीतून बोलत होत्या, आवाज गोड, आणि मला सारखं अंकलजी म्हणत होत्या. आधी नाव, गाव, तुमच्या लग्नाची तारीख. ती मी तिथीसकट सांगितली. मग माझ्या बायकोचं नाव विचारलं. एकेचाळीस वर्षांत मी तिला नावाने हाक मारलेली नाही. चंद्रकला म्हणताना मला कसंसंच झालं, आणि पलंगावर ती हसली. त्यानंतर ती माझ्याकडे पाहून हसलेली नाही.

मग बाईंनी विचारलं, लग्नानंतर मुलगा आणि सून एकत्र राहत होते का. मी म्हटलं, सून आमच्याजवळ राहते. त्या म्हणाल्या, तसं नाही, पती-पत्नी म्हणून, एका खोलीत. आता तूच सांग, सासऱ्याने सुनेच्या खोलीची गोष्ट परक्या बाईला कशी सांगावी? तुमच्या खोलीचा पडदा लोटलेला असला तर मी अंगणातून वळसा घालून मागच्या दाराने मोरीकडे जात असे. आपल्या कोष्ट्याच्या घरात एकाच खोलीत माग, चूल आणि आठ माणसं असायची. माझ्या बापाने माझ्या आईकडे आमच्यासमोर कधी मान वर करून पाहिलं नाही. तेच वळण माझ्या अंगात आहे. मी म्हटलं, सून सासूच्या खोलीत झोपते. हे खोटं नव्हतं. लकव्यापासून तू तिथेच झोपत होतीस. पण भूपेश त्याच्या आधीच गेला होता, आणि तो जाण्यापूर्वीची तुमची तीन वर्षं मी गाळली. दोघे एकमेकांना काय म्हणतात, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही म्हणत नाहीत, आमच्यासमोर बोलतच नाहीत.

धनश्री, गेले तीन आठवडे मी हे पत्र इथपर्यंत लिहितो आणि इथेच संपवतो. म्हातारा जुन्या वळणाचा, लाजेपायी घोटाळा झाला, माफ कर. वाचायला बरं दिसतं. भूपेशलाही पटलं असतं. दोनदा मी पाकीटही चिकटवलं. पण ते अर्धंच आहे.

मी बोलतच नाहीत म्हटलं, तेव्हा पलीकडून कळफलकाची खटखट ऐकू आली. मी चौतीस वर्षं कचेरीत काढली, शेरा मारल्याचा आवाज मला कळतो. आपल्या बोलण्याचा अर्थ काय लावला जातो आहे, तेही कळलं. बाई भल्या होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अंकलजी, मैं फिर से पूछती हूँ, ठीक से सोचकर बताइए. आपका बेटा अपनी पत्नी और बच्ची को अपने पास बुलाना चाहता है?"

एका "हो"चं काम होतं. लाजण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी म्हटलं, "मेरे को ऐसा कुछ बोला नहीं. वो दोनों इधर ही ठीक हैं."

हे मी लाजेने बोललो नाही. कळून, समजून बोललो. फोन ठेवला आणि पलंगाकडे न पाहता ओसरीवर जाऊन बसलो. तू बाराला आलीस, पाणी प्यायच्या आधी विचारलंस, "मामाजी, कोणाचा फोन आलता का?" मी म्हटलं, बँकेवाल्यांचा.

का केलं, तेही लिहितो. जुलैत तू इंदूबाईला कामावर ठेवलं होतंस. तू गेल्यावर सासूचं कोण करेल, ही काळजी या घरात फक्त तुला होती. आठ दिवस तू तिला शिकवत होतीस. पाणी आधी पायांवर घालायचं, उजवा खांदा ओढायचा नाही, भात बोटांनी मोडून द्यायचा, गोळी गुळातून. मी पेपर तोंडासमोर धरून सगळं ऐकत होतो. तू जाण्याची इतकी नीट तयारी करत होतीस की मी पेपरातली तीच ओळ पुन्हापुन्हा वाचत राहिलो. नवव्या दिवशी चहात साखर जास्त झाली म्हणून मी इंदूबाईला घालूनपाडून बोललो आणि ती गेली. तुला सांगितलं, तिच्या हाताला स्वच्छता नाही. तिच्या हाताला काही झालेलं नव्हतं.

नातीच्या मायेपायी केलं, असं लिहिलं तर शोभून दिसेल. वैभवीची माया आहे, ती कोण नाही म्हणतो. पण त्या फोनवर मला वैभवी आठवली नाही, मोरी आठवली. रोज सकाळी हिला उचलून मोरीत कोण नेणार, एवढंच डोक्यात आलं. बायको माझी, तिची सेवा करायला सून ठेवून घेतली, आणि त्यासाठी लेकाची बायको आणि लेकरू त्याच्यापासून तोडलं. मला याची फार लाज वाटते. सुभद्राबाई समोरून आल्या तरी मी नजर चुकवतो, आणि त्यांना तर यातलं काहीच ठाऊक नाही.

यापुढचं याहून वाईट आहे. फोन पाच मिनिटांचा होता. पाच मिनिटांत माणूस घसरू शकतो. पण सप्टेंबरात त्या ऑफिसचा मेल आला, चौकशीत अशी अशी माहिती मिळाली आहे, तुमचं काही म्हणणं असेल तर पंधरा दिवसांत कळवा. पंधरा दिवस. मी कचेरीत लोकांना सात दिवसांची मुदत द्यायचो आणि वर उपकार केल्यासारखं दाखवायचो. या परक्या लोकांनी पंधरा दिले.

तू त्या पंधरा दिवसांत माझ्यासमोर चटईवर बसून फोटो शोधत होतीस. सणवार, बारसं, वास्तुपूजा, सगळे अल्बम काढलेस. एकाही फोटोत तू भूपेशजवळ उभी नाहीस. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला तू, मधे आम्ही दोघं देवासारखी. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मीच तुला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याला खेटून उभं राहायची आपल्याकडे पद्धत नाही. तू ते पाळलंस. शेवटी बारशातला एक फोटो सापडला, त्यात पाळण्याच्या दोरीवर तुम्हा दोघांचे हात होते. चेहरे नव्हते. तोही तू पाठवलास.

आणि तू माझ्यासाठी एक कागद टाइप करून आणला होतास. "माझा मुलगा व सून हे सन २०२० ते २०२३ या काळात माझ्या घरी पती-पत्नी म्हणून एकत्र राहत होते." दोन ओळी, खाली माझ्या सहीची जागा. नोटरीसमोर सही करून आणा म्हणालीस. मी आधी म्हटलं, असल्या गोष्टी कागदावर मांडतात का. तू मान खाली घालून म्हणालीस, "मामाजी, त्यायले कागदच लागते." मी कागद घेऊन सिव्हिल लाइन्सला कोर्टात गेलो. नोटऱ्यांच्या टेबलांपासून वीस पावलांवर चहाची टपरी आहे. तिथे दोन चहा घेतले आणि परत आलो. तुला सांगितलं, नोटरी सुट्टीवर आहे. दुसऱ्या दिवशी कणकण आहे म्हणून पडून राहिलो, आणि तू माझ्यासाठी काढा केलास. तो मी प्यायलो. त्यानंतर शनिवार, रविवार आला आणि मुदत संपली. कागद माझ्या कपाटात पासपोर्टांच्या खाली होता.

नकार आला त्या दिवशी भूपेशने विचारलं, "बाबा, तुमाले फोन आलता का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मंग जितेंद्रच." मी गप्प बसलो. एका गप्प बसण्याने जितेंद्रची अब्रू गेली, तुमचा अबोला झाला, तू लेकरू घेऊन माहेरी गेलीस. आणि मग मी तुला पत्र लिहून बोरन्हाणाचं आमंत्रण देतो, पासपोर्टाचं आमिष दाखवतो, आणि वर जितेंद्रला माफ करतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मजा अशी की एवढं करूनही मला हवं होतं ते मिळालं नाही. तू राहिलीच नाहीस. तुला अडवून मी मोरीत एकटाच उभा आहे.

शुक्रवारी मी पुन्हा कोर्टात गेलो. यावेळी टपरीकडे पाहिलं नाही. तू टाइप केलेल्या कागदावर नोटरीसमोर सही केली. दुसरा कागद मी स्वतः तयार करून नेला होता: ऑगस्टमध्ये आलेला फोन मी घेतला, दिलेली माहिती अर्धवट व दिशाभूल करणारी होती, ती मी जाणूनबुजून दिली, यात सुनेचा, मुलाचा अथवा सुनेच्या भावाचा काही दोष नाही. नोटरीने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काकाजी, असं कोणी लिहून देते का?" मी म्हटलं, शिक्का मारा.

काल शनिवारी भूपेशला फोन केला. रविवारची वाट पाहिली असती तर पुन्हा बँकेवाल्यांचा फोन झाला असता. तुझी सासू समोर बसली होती. सगळं सांगितलं, तुला लिहिलं आहे तसंच.

तो म्हणाला, "बाबा, मी धनश्रीले काय काय बोललो, तुमाले मालूम आहे का?"

मी म्हटलं, मालूम आहे.

"जितेंद्रले मी कुत्रा म्हटलं, बाबा."

आणि त्याने फोन ठेवला. आज रविवार आहे, त्याचा फोन आलेला नाही. येईल असं मी धरून चालत नाही. तुला मात्र त्याने केला असेल. केला नसेल, लाजेने त्याचाही हात उचलत नसेल, तर तू कर. रागावून कर, भांड, चार शब्द सुनाव, पण कर. तो बोलला ते माझ्या खोट्यावर विसंबून बोलला. त्याने आपल्या बापावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा आहे.

उद्या जितेंद्रला मी इकडे बोलावलं आहे. काय काम आहे ते फोनवर सांगितलं नाही. तो समोर बसला की त्याला तोंडाने सांगणार, आणि मगच हे पाकीट त्याच्या हातात देणार. तो काय करेल ते करो. मारलं तरी मी त्याच्या बापाच्या वयाचा आहे असं म्हणणार नाही. पाकिटात दोन्ही कागद आहेत, तुझा पासपोर्ट, वैभवीचा पासपोर्ट, तिचा जन्माचा दाखला आणि तुझं लग्नाचं प्रमाणपत्र. भूपेश मागे म्हणाला होता, नवा अर्ज करता येतो. मिळेल की नाही हे मी कसं सांगू? एकदा शेरा पडला की तो पुढच्या प्रत्येक साहेबाच्या डोळ्यांसमोर येतो, हे मला माझ्या कचेरीवरून ठाऊक आहे. म्हणून हे पत्रही लावायचं असेल तर लाव. इंग्रजी करून लाव, एकही ओळ न गाळता. तिकडचा साहेब मला काय म्हणेल याची मला आता पर्वा नाही.

आणि तू या घरी परत यायचं नाहीस. अर्ज उमरेडहूनच कर, तिथूनच जा. इंदूबाईच्या घरी जाऊन मी तिची माफी मागितली. तिने मला बराच वेळ उंबऱ्यावर उभं ठेवलं. सोमवारपासून सकाळी येते म्हणाली. संध्याकाळचं मी करतो. पाणी आधी पायांवर घालायचं हे मला आता जमतं. तुझी सासू माझ्या हातून जेवते, पण अजून माझ्याकडे पाहत नाही. काल फोन झाल्यावर मात्र तिने डाव्या हाताने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मी त्याचा काही अर्थ लावत नाही.

जाण्याआधी तिला वैभवीला एकदा पाहायचं असेल. आणशील तर दिवस तेवढा कळव. त्या दिवशी मी लकडगंजला माझ्या जुन्या शाळेत जाऊन बसेन, तुम्ही निघालात की परत येईन. तुला माझ्यासमोर यावं लागणार नाही, डोक्यावर पदर घ्यावा लागणार नाही, मामाजी म्हणावं लागणार नाही.

हे सगळं मी तुझ्या सासूला वाचून दाखवलं. खाली काय लिहू म्हणून विचारलं. तिने आपल्या छातीवर डावा हात ठेवला आणि मग कागदाकडे दाखवला. म्हणून लिहितो. खाली जे अनेक आशीर्वाद आहेत ते तुझ्या सासूचे आहेत, तुला, वैभवीला आणि भूपेशला. माझी फक्त सही आहे.

अनेक आशीर्वाद.

ईश्वरदास पौनीकर